मुंबईच्या गिरणगांवांतील घरें : एका ग्रंथाचें परीक्षण

ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा ‘लेबर अँड हाउसिंग इन बाँबे’ हा ग्रंथ १९२५ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. कामगारांच्या राहणीचें त्यांतील निरीक्षण आजही आधारास घेण्याजोगें आहे. परंतु सरकारी चाळींच्या इतिहासास तो एकटा पुरेसा नाहीं, असें आमचें मत आहे.

प्लेगनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्यास रुंद रस्ते व बागा आखल्या. तेथून नजीकच नायगांवीं, १९२० नंतर, डेव्हलपमेंट खात्यानें एकेका खोलीचीं बिऱ्हाडें उभारिलीं. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी मिळून अशा २०७ चाळी झाल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. या दोन वस्त्यांतील भेद नुसत्या नकाशावरही दिसतो. मात्र ग्रंथ छापला तेव्हां चाळी नव्या होत्या. तेथें पुढें माणसें कशीं रुजलीं, हें त्या ग्रंथांत सांपडणें शक्य नाहीं.

तें भाडेपावत्या, खाणावळींच्या वह्या व उत्सवमंडळांचे जमाखर्च यांतच शोधिलें पाहिजे. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या कालांतरानें बंद पडल्या. आतां चाळीही पाडल्या जात आहेत. वरळींतील ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पांचशें चौरस फुटांचें घर मिळणें इष्टच. पण बिऱ्हाड हलवितांना जुने कागद प्रथम रद्दींत जातात. संग्राहकांनीं बखरींइतकीच आस्था या वह्यांविषयीं दाखवावी, अशी आमची विनंती आहे.