पडद्यावरचा समुद्र आणि छातीतला श्वास

‘आभासी वास्तव’ म्हटले की डोळ्यांवर चढवायचा तो अवजड चष्मा आठवतो. पण चष्म्याशिवायही हा खेळ उभा करता येतो, आणि त्याचा उत्तम नमुना आपल्या दोह्यातच आहे. ज्याँ नूव्हेल यांनी रचलेले कतारचे राष्ट्रीय संग्रहालय २८ मार्च २०१९ रोजी लोकांसाठी खुले झाले. येथे भिंतीच पडदे होतात. जोडीला संगीत, वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी आणि सुवासही असतात. कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत मॉर्टन हायलिग यांनी १९६२ मध्ये पेटंट मिळवलेल्या ‘सेन्सोरामा’ यंत्रात चित्राबरोबर वारा, वास आणि हलणारे आसन होते.

प्रश्न असा, की जितकी इंद्रिये गुंतवावीत तितका अनुभव खरा होतो का?

मोती काढणाऱ्या पाणबुड्यांवरचा मीरा नायर यांचा ‘नफस’ हा चित्रपट या संग्रहालयासाठी केलेला आहे. नफस म्हणजे श्वास. भव्य पडद्यावर डोळ्यांचे पारणे फिटते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. नाकाला चिमटा आणि पायाला दगड बांधून तळाशी जाणाऱ्याला जाणवत असे तो कानांवरचा दाब आणि संपत आलेला श्वास. त्याचा जीव नावेत दोरी धरून बसलेल्या सोबत्याच्या हाती. प्रेक्षक मात्र गार हवेत निवांत श्वास घेत उभा! अशा वेळी रचनाकाराने आणखी काही भरण्याऐवजी काढून घ्यावे. मिनिटभर अंधार, शांतता आणि हातात तो दगड एवढे पुरे होते.

याच संग्रहालयात बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव गायकवाडांनी तो १८६५ च्या सुमारास करवून घेतला. २००९ मध्ये दोह्यातच त्याचा लिलाव झाला. त्यात पंधरा लाखांवर आखाती मोती आहेत. गालिच्याला ना आवाज, ना वास. हातही लावता येत नाही. पण बहुतेक शिंपल्यांत मोती नसतोच, हे ध्यानात घेऊन बुड्यांचा हिशेब मांडू लागलो की छाती दडपते. पडद्याला जे साधत नाही, ते ही मुकी वस्तू साधते.

पुढे १९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी हा धंदा बुडवला. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना आखात म्हणजे तेल आणि वायू एवढेच ठाऊक असते. त्यांना जरूर न्या. गालिच्यासमोर उभे करून श्वास रोखायला सांगा. बाकीचे त्यांना आपोआप कळेल.