वाघाचा डोळा: मेंदूच्या प्रतिमांतील उपमा

उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द हे उपमेचे चार घटक आपण शाळेतच शिकतो. मेंदूच्या एमआरआयवर दिसणाऱ्या आकृत्यांना डॉक्टरांनी जी नावे दिली, त्यांत बाकी सारे गळून नुसते उपमान उरते: वाघाचा डोळा, पांडाचा चेहरा, हमिंगबर्ड, हॉट क्रॉस बन. मी डॉक्टर नाही. या नावांकडे वळलो तो भाषेच्या ओढीने. पण ती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. कवितेतली उपमा फसली तर ओळ पडते; इथे फसली तर निदान फसते.

प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हा आजार स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ साली वर्णिला. रोगी वारंवार तोल जाऊन पडतो, नजर वर-खाली नेणे त्याला अवघड होते. मेंदूच्या बरोबर मधल्या उभ्या छेदात आक्रसलेला मध्यमस्तिष्क पक्ष्याच्या डोक्या-चोचीसारखा दिसतो, आणि त्याखालचा बराचसा शाबूत पॉन्स पोटासारखा. हा हमिंगबर्ड. याच छेदात काहींना पेंग्विन दिसला आणि तेही नाव रूढ झाले. उपमा आकृतीत असते की पाहणाऱ्यात, या जुन्या वादाला एवढे उदाहरण पुरे. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर आढळत नाही. आपल्याकडे बागेतल्या शिंजिरालाच लोक हौसेने ते नाव देतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला अनोळखी आकृती ओळखण्यासाठी आधी अनोळखी पक्षी पाठ करावा लागतो.

हॉट क्रॉस बन निदान गुड फ्रायडेला वांद्र्याच्या बेकरीत मिळतो. उपमा म्हणूनही तो सरस आहे. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीत पॉन्समधले आडवे आणि मध्यरेषेतले तंतू झिजतात, वरून खाली जाणारे जुडगे टिकतात. झिजलेल्या वाटाच प्रतिमेत उजळून फुली उमटते. इथे साधर्म्य नुसत्या आकाराचे नाही, फुली हा ऱ्हासाचा नकाशाच आहे. तरीही काही आनुवंशिक अटॅक्सियांत हीच फुली दिसते, म्हणून बन पाहून थांबता येत नाही.

वाघाच्या डोळ्याची गोष्ट वेगळी. मेंदूच्या खोल भागात, ग्लोबस पॅलिडसमध्ये, लोह साठते; विशिष्ट पद्धतीने घेतलेल्या प्रतिमेत तो भाग काळा पडतो आणि मधोमध पांढरा ठिपका चमकतो. बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या या आजाराचे वर्णन हालरफोर्डेन आणि श्पात्झ यांनी १९२२ साली केले आणि त्यांचीच नावे त्याला चिकटली. पुढे हालरफोर्डेनने नाझी राजवटीत ‘दयामरणा’च्या नावाखाली ठार केलेल्या माणसांचे शेकडो मेंदू अभ्यासासाठी मिळवले. २००१ मध्ये आजारामागचे जनुक सापडले आणि जनुकावरून नवे नाव मिळाल्यावर जुने मागे पडत गेले. वाघाचा डोळा मात्र टिकला. व्यक्तिनामाबरोबर त्या व्यक्तीचा सारा हिशेब येतो. वाघाकडून कोणी खुलासा मागत नाही. वर्णनात्मक नावांच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच.

विरुद्ध बाजूचा मुद्दा आपल्याच भाषेत आहे. धनुर्वात, हत्तीरोग, नागीण ही नावेही डोळ्यांनीच ठेवलेली. धनुर्वातात शरीर खरोखर धनुष्यासारखे वाकते, आणि उपमा तिथे थांबते. नागीण थांबली नाही. पुरळाचा पट्टा नागिणीसारखा दिसला, मग नागिणीला तोंड आणि शेपूट आले, आणि दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो अशी भीती घरोघर पसरली. वास्तविक हा पट्टा एका मज्जातंतूच्या हद्दीत, सहसा शरीराच्या एकाच बाजूला राहतो. उपमानाने आपले गुण उपमेयावर लादले ते असे. पांडाच्या बाबतीत धोका उलट दिशेने आहे. विल्सन यांनी १९१२ साली वर्णिलेल्या आजारात तांबे साठते आणि मध्यमस्तिष्काच्या आडव्या छेदात पांडाचा चेहरा दिसू शकतो. पुष्कळ रोग्यांत तो दिसतच नाही. आजार औषधांनी आटोक्यात येणारा. पांडाची वाट पाहण्यात वेळ गेला तर किंमत रोगी मोजतो.

या सगळ्यांत मला श्रेष्ठ वाटते ते जपानी नाव, मोयामोया. मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमन्या अरुंद होत जातात आणि भोवती बारीक वाहिन्यांचे जाळे वाढते. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखे दिसते. सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ साली हे नाव जगापुढे मांडले. मोयामोया म्हणजे धूसर, अस्पष्ट. तो आपल्या ‘लुकलुक’, ‘भुरभुर’च्या जातीचा शब्द आहे. त्यात प्राणी नाही, पदार्थ नाही, दिसण्याची अवस्था तेवढी आहे. लादायला त्याच्याकडे शेपूटच नाही.

आणि एक नाव सर्वांच्या उलटे चालते. निरोगी माणसाच्या सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये, योग्य तंत्राने पाहिल्यास, भिंगरीची दुभंगलेली शेपटी दिसते. पार्किन्सन्समध्ये ती बहुधा नाहीशी होते. इथे डॉक्टरला रिपोर्टात लिहावे लागते ते भिंगरी दिसली असे नव्हे, तर ती दिसत नाही असे.