नेटवर्कवरील सिरियल माहिती : ‘पारदर्शकते’च्या कल्पनेची चिकित्सा

दोन यंत्रांमधील तार काढून तिच्या जागी नेटवर्क आणावे आणि तो बदल यंत्रांना मुळीच जाणवू नये, या व्यवस्थेला ‘पारदर्शक’ वहन असे नाव आहे. एका टोकाच्या सिरियल पोर्टात शिरलेले अक्षर दुसऱ्या टोकाच्या पोर्टातून जसेच्या तसे बाहेर पडावे, ही तिची प्रतिज्ञा होय. ही प्रतिज्ञा कोठवर पुरी होते हे प्रयोगशाळेच्या मेजावर कळत नाही. जेथे मापाइतकेच मापाच्या वेळेलाही मोल असते, तेथे ते कळते.

खडकवासला हे असे एक स्थळ आहे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने त्याच दिवशी खाली मुठेवरील खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. वरच्या धरणाची स्थिती खालच्या लोकांना केव्हा कळते, या प्रश्नाचे गांभीर्य येथे निराळे सांगावे लागत नाही. १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था याच खडकवासल्यास आहे. पुढे महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ माहिती गोळा करणारी यंत्रणा उभारली. मुठेचे पाणीही अखेर भीमेलाच मिळते. अशा कामी लागणाऱ्या पातळीमापक, पर्जन्यमापक इत्यादी उपकरणांपैकी पुष्कळांची बोली आजही सिरियल आहे. ती दूरच्या संगणकापर्यंत कशी न्यावी, हा म्हणूनच केवळ तारा जोडणाऱ्यांचा प्रश्न उरत नाही.

पारदर्शक वहनाची योग्यता प्रथम मान्य केली पाहिजे. जुने उपकरण टाकावे लागत नाही. जुना कार्यक्रमही बदलावा लागत नाही. ऑक्टोबर १९९७ मधील आरएफसी २२१७ या टिपणाने टेल्नेटमध्ये पोर्टाच्या नियंत्रणाची सोय केली. त्यामुळे अक्षरांबरोबरच वेग, पॅरिटी, स्टॉप बिट आणि नियंत्रणाच्या तारांची स्थितीही दूरच्या टोकास कळवता येते. तारेवर जे जे लिहिता येते, ते सारे या योजनेने जवळजवळ निःशेष उचलले आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

परंतु तारेवर सारेच लिहिलेले नसते. काही अर्थ मौनातही असतो. १९७९ पासून उद्योगक्षेत्रात रुळलेल्या मॉडबसच्या आरटीयू या रूपाचे उदाहरण घ्यावे. त्यात एक संदेश संपून दुसरा सुरू होतो हे कोणत्याही खुणेच्या अक्षराने नव्हे, तर साडेतीन अक्षरांइतक्या शांततेने कळते. सेकंदास ९६०० बिट हा वेग आणि अक्षरास ११ बिट धरले, तर ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची ठरते. नेटवर्क मात्र अक्षरे पॅकेटांत भरून पाठवते. लहान तुकडे एकत्र करते, कधी एकच संदेश दोन पॅकेटांत विभागते. अक्षरांचा क्रम अबाधित राहतो. त्यांमधील अंतर राहत नाही. परिणामी एका संदेशाच्या मध्येच खोटे मौन उत्पन्न होते, अथवा दोन संदेशांमधील खरे मौन नाहीसे होते.

यावर असा आक्षेप येईल की, धरणाची पातळी ४ मिलिसेकंदांत बदलत नाही आणि तुटलेला संदेश सीआरसीच्या पडताळणीत बाद होतोच. आक्षेप रास्त आहे. पण तो अर्ध्याच दोषाला उत्तर देतो. आरटीयूच्या संदेशात प्रश्नाचा क्रमांक नसतो. समजा, पुण्यातील संगणकाने वरच्या धरणावरील उपकरणास पातळी विचारली. उत्तर वेळेत आले नाही, म्हणून त्याने पुढचा प्रश्न, दरवाजाच्या उघडिपीचा, पाठवला. तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचे रेंगाळलेले उत्तर येऊन पोहोचते. पत्ता तोच, लांबी तीच, सीआरसी निर्दोष. पातळीचा आकडा उघडीप म्हणून नोंदला जातो. प्रत्येक अक्षर शुद्ध आणि एकंदर विधान मात्र असत्य, अशी ही स्थिती आहे. तारेवर असा विलंब विरळा. नेटवर्कवर, विशेषतः पावसाळी रात्री, तो अपवाद मानता येत नाही.

दुसरे मौन याहून घातक आहे. टीसीपीचा दुवा निष्क्रिय असताना पलीकडचे टोक बंद पडले, तर अलीकडच्या टोकास ते आपोआप उमगत नाही. दुवा जिवंत आहे की नाही हे तपासण्याची सोय ऐच्छिक असून, १९८९ च्या आरएफसी ११२२ प्रमाणे तिचा मूळ अवधी २ तासांहून कमी ठेवता येत नाही. बदल झाला तरच बोलणाऱ्या उपकरणाचे मौन ‘पाणी स्थिर आहे’ असेही सांगते आणि ‘सांगणारा उरला नाही’ असेही. १९६१ च्या त्या दिवशी दोन धरणांच्या फुटण्यात अंतर होते ते काही तासांचेच; त्यातील दोन तास अशा संदिग्धतेत जाणे कोणासही परवडणारे नाही.

यास्तव अर्थ लावण्याचे काम नदीकाठीच व्हावे, हा निष्कर्ष अपरिहार्य ठरतो. काठावरील यंत्राने तारेचे मौन तारेजवळच ऐकावे, संदेश पुरा करावा, त्यावर मापनाची वेळ घालावी आणि मगच तो नेटवर्कवर सोडावा. मॉडबसच्या टीसीपी रूपाने यातील दोन गोष्टी साधल्या आहेत : मौनाच्या जागी लांबीचा आकडा आणि प्रत्येक प्रश्नोत्तरास क्रमांक. वेळेची नोंद मात्र त्यातही नाही. ती योजणाऱ्यानेच घालावयाची असते. तसेच बदल नसतानाही ठरावीक अंतराने ‘मी आहे’ एवढे सांगणारा संदेश यावयास हवा. उशिरा आलेले परंतु वेळ अंकित असलेले माप पुराच्या गणितात उपयोगी पडते; वेळेवाचूनचे ताजे मापही संशयास्पद राहते.

पारदर्शक वहन टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. कार्यालयातील छापयंत्र किंवा दूरच्या यंत्राची जुळवणी यांसाठी ते पुरेसे आहे. कारण तेथे अक्षरे म्हणजेच सर्व काही. नदीच्या बाबतीत तसे नाही. तेथे काय सांगितले याबरोबरच ते केव्हा सांगितले, आणि कधी कधी का सांगितले नाही, हेही माहितीचेच भाग आहेत. जी पद्धत एवढे पोहोचवू शकत नाही, तिला पारदर्शक म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय.