ध्वनिलेखकाचे स्थान

सामुदायिक संशोधनात कोणी कोणते कार्य केले याचा स्वतंत्र निर्देश करण्याची प्रथा अलीकडे रूढ होत आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे ‘क्रेडिट’ ही वर्गवारी होय. संकल्पना, विश्लेषण, निधिसंपादन, संगणकप्रणाली, पडताळणी इत्यादी १४ भूमिका तीत नोंदल्या असून २०२२ मध्ये तिला अमेरिकन राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. नावांच्या क्रमावरून कर्तृत्वाचा तर्क करीत बसण्यापेक्षा ही पद्धती निःसंशय श्रेयस्कर आहे. परंतु भाषाविज्ञानाच्या कसोटीस ती कितपत उतरते?

आपला पूर्वानुभव बोलका आहे. भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. तो ग्रिअर्सनच्या नावाने ओळखला जातो. वस्तुतः तो सिद्ध केला स्टेन कोनो यांनी. कोनोंचे नाव निदान अभ्यासकांना ठाऊक आहे. उधळ्या पुत्राची कथा आपापल्या बोलीत उतरवून देणाऱ्यांची आठवण मात्र सर्वेक्षणाच्या कीर्तीत विरून गेली.

आज त्यांच्या जागी ध्वनिमुद्रण ऐकून ते लिपिबद्ध करणारा ध्वनिलेखक आहे. त्याचे काम यांत्रिक समजले जाते. ते तसे नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ यांतील ‘ज’ उच्चारात भिन्न आहेत, देवनागरीत मात्र एकच. बोलीत ऐकलेला ‘ज’ तालव्य की दंत्य, हा निर्णय प्रथम ध्वनिलेखकच करतो. पुढील सर्व विश्लेषण त्या निर्णयावर उभे राहते. हे कार्य १४ भूमिकांपैकी ‘विदासंधारणा’त बसवावे, तर त्यातील निर्णय झाकला जातो, ‘विश्लेषणा’त बसवावे, तर ते करणाऱ्यास लेखकाचा मान नसतो. शिवाय पुष्कळ नियतकालिके ही वर्गवारी लेखकांपुरतीच वापरतात. म्हणजे जो यादीबाहेर होता, तो बाहेरच राहतो.

लेखकत्वाबरोबर निबंधाची जबाबदारी येते, म्हणून ते सरसकट वाटता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरून श्रेय केवळ आभारांच्या ओळीत कोंबावे असे ठरत नाही. सामग्रीसंग्रह ही स्वतंत्र, उद्धरणयोग्य कृती मानावी. तिच्या प्रत्येक नोंदीवर, संबंधिताच्या संमतीने, ध्वनिलेखकाचे नाव आणि संदिग्ध स्थळी त्याने केलेला निर्णय नमूद असावा. मुक्त सामग्री उद्या परके अभ्यासक वापरतील. एखाद्या ध्वनीविषयी शंका आल्यास त्यांनी विचारावे कोणाला? हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही, पुराव्याच्या विश्वसनीयतेचा आहे.