जबानी कोण लिहितो?

आपल्या नियतकालिकांतून कविता, आत्मकथने, कादंबऱ्या यांची समीक्षा होते. न्यायालयाच्या निकालपत्राची होत नाही. ते वकिलांचे काम, असे आपण धरून चालतो. मराठीतली परंपरा मात्र वेगळे सांगते. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीची निंदा सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्या भाषेचा समाचार घेतला. त्याच्याही आधी, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. शिक्षा झाल्यावर हळहळण्याऐवजी ती वेळच येऊ नये म्हणून त्यांनी एक दार उघडे ठेवले. ताराबाईंनी भाषा तपासली, फुले दांपत्याने संस्था उभी केली. ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे.

त्यासाठी एक निकालपत्र घेतो. 26 मार्च 1972 च्या रात्री त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ती शेतमजुरी करणारी होती. वय 14 ते 16 च्या दरम्यान असावे, असा डॉक्टरचा अंदाज. भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणले होते. जबानी झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले आणि तिला आत ठेवून घेतले. तिची माणसे दाराबाहेर उभी होती. म्हणजे जी जागा संरक्षणासाठी बांधलेली, तिथेच हे घडले.

1974 साली सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरले. भीतीपोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाने म्हटले. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केल्याचे मान्य करता येत नाही, तेव्हा जे झाले ते शांततेत झाले, असा तो युक्तिवाद.

'शांतता' हा शब्द वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावा. उच्च न्यायालयाने तेच मौन वाचले आणि त्यात दहशत पाहिली. सर्वोच्च न्यायालयाने तेच मौन वाचले आणि त्यात राजीखुशी पाहिली. पुरावा दोन्हीकडे एकच होता, वाचणारा बदलला. खाकी वर्दीपुढे, रात्री, बंद खोलीत, अक्षरओळख नसलेली मजूर मुलगी ओरडत का नाही, हे ज्याला स्वतःच्या वस्तीवरून ठाऊक असते त्याला हा शब्द सुचलाच नसता. पाटलापुढे आपले आजोबाही असेच 'शांत' असत.

1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. पुढे देशभर मोर्चे निघाले आणि 1983 साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे बाई म्हणाली, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा झाला. नाव झाकण्याचा तो कायदा या मुलीच्या खटल्यामागून आला, पण तिच्या वाट्याला आला नाही. तिचे नाव चळवळीतल्या प्रत्येकाच्या तोंडी बसले. मी ते लिहीत नाही. ग्रंथालयात मात्र हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असा, हवालदाराच्या नावाने शोधावा लागतो.

कायदा बदलला हे मोठेच काम झाले. पण कायदा न्यायालयात बसतो आणि अत्याचार गावात होतो. या दोहोंमध्ये ठाणे आहे, सरकारी दवाखाना आहे, स्टेशन डायरी आहे, पंचनामा आहे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे काय झाले ते आठवावे. सप्टेंबर 2006 मध्ये भोतमांगे कुटुंबातील मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली. 29 सप्टेंबरला त्यातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. बाईने कायद्याने सांगितले तेच केले होते. तिने जबानी दिली. जबानी घेणाऱ्या व्यवस्थेला ती देणारीच्या घरापर्यंत यावे असे वाटले नाही. 2008 साली सत्र न्यायालयाने 8 जणांना दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायदा आणि विनयभंगाचे कलम लागू होत नाही असे म्हटले. जे पहिल्या कागदांत नीट उतरत नाही, ते शेवटच्या कागदात येणे कठीण असते.

आपण फाशीच्या मागणीसाठी रस्त्यावर येतो. पहिल्या कागदासाठी किती वेळा आलो? फेब्रुवारी 2020 ते ऑक्टोबर 2021 या काळात राज्य महिला आयोगाला अध्यक्षा नव्हती. वीस महिने खुर्ची रिकामी होती आणि त्याच काळात टाळेबंदीने बायका मारणाऱ्याबरोबर घरात कोंडल्या होत्या. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्या खुर्चीबद्दल एक निवेदन तरी दिले? मीही दिले नाही.

एक कार्यकर्ता मित्र मला म्हणतो, 'पोलिसांना बळकट कशाला करायचे? 1997 साली रमाबाई आंबेडकर नगरात गोळ्या कोणी घातल्या? दहा माणसे गेली.' त्याचा प्रश्न खोटा नाही. पण बळकट ठाणे म्हणजे जास्त बंदुकांचे ठाणे, हा अर्थ त्यांचा आहे, तो आपण का स्वीकारावा? जिथे बाईची तक्रार महिला अधिकारी लिहून घेते, तिला वाचून दाखवते, प्रत फुकट हातात देते आणि तक्रार न घेणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो, ते ठाणे बळकट. हे सर्व आज कायद्यात आहे. ते मागायला जाणारी माणसे कमी आहेत.

आता माझ्याबद्दल. मी मराठी शिकवतो. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवीत आणि घरी येऊन 'काय लिहिलंय कोण जाणे' म्हणत. लिहिणाऱ्याच्या हातात काय असते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तरीही काही वर्षांपूर्वी, मी ज्या महाविद्यालयात होतो तिथल्या अंतर्गत तक्रार समितीचा सभासद असताना, एक विद्यार्थिनी आली. तक्रार लेखी हवी. तिचा हात कापत होता. भाषेचा प्राध्यापक म्हणून कागद माझ्याकडे सरकला. ती म्हणाली, 'सरांनी माझा हात धरला, मी ओढला तरी सोडला नाही.' मी लिहिले, 'सरांच्या वर्तनाने मला संकोच वाटला.' मला वाटले, मी तिची भाषा सभ्य करतो आहे. तिने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली. संकोचाची चौकशी ती काय होणार? 'गैरसमज' असा शेरा मारून कागद बंद झाला. पुढच्या सत्रात ती दिसली नाही.

न्यायमूर्तींच्या 'शांतते'वर वर्गात तासभर बोलणाऱ्या मला माझा 'संकोच' दिसायला फार दिवस लागले.

म्हणून आपल्या साहित्याबद्दलही एक तक्रार आहे. आपल्या आत्मकथनांनी वाडा, सावकार, शाळामास्तर नावानिशी उभे केले. पण अत्याचार झालेली बाई आपल्या कवितेत लगेच मशाल होते. ठाण्याच्या बाकावर ती किती तास बसली, दवाखान्यात तिला काय विचारले, कारकुनाने तिचा कोणता शब्द गाळला, हे फार थोडे येते. तिला प्रतीक करणे सोपे आहे. तिचे वाक्य जसेच्या तसे लिहिणे कठीण आहे.

आणि आज ते लिहिणारे हात परके राहिलेले नाहीत. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपली मुलेमुली ठाण्यात, दवाखान्यात, समाजकल्याणच्या टेबलावर, महाविद्यालयाच्या समित्यांवर बसली आहेत. अंगठा उठवणाऱ्यांची आपण लेकरे. समोरची बाई बोलत असताना आपण काय लिहितो, ते तिला वाचून दाखवावे. तिचा शब्द बदलला असेल तर खोडून तिचाच लिहावा. मी त्या दिवशी एवढेही केले नाही.