जालपरिभाषेतील आद्याक्षरी शब्द

संदेश एकसंध न पाठविता त्याचे लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा आणि निरनिराळ्या मार्गांनी मुक्कामी पोहोचलेले हे तुकडे तेथे पुन्हा जुळवावेत, ही कल्पना आजच्या संगणकजालांच्या मुळाशी आहे. १९६० नंतरच्या दशकात ती दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. अमेरिकेतील पॉल बॅरन यांनी या तुकड्यास ‘मेसेज ब्लॉक’ म्हटले. इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या डोनल्ड डेव्हिस यांनी ‘पॅकेट’ हा शब्द योजला. तो मुक्रर करण्यापूर्वी त्यांनी आपल्या संस्थेतील भाषातज्ज्ञांकडून, अन्य भाषांत त्याचे सजातीय शब्द आहेत याची खातरजमा करून घेतली होती. टिकला तो डेव्हिस यांचाच शब्द. आपल्याकडील परिभाषाकारांनी या प्रसंगाची दखल घेतल्याचे फारसे दिसत नाही.

मराठीपुरते पाहिले तर असा शब्द शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘पाकीट’ हा शब्द मराठीने इंग्रजीतूनच उचलला, त्यास नपुंसकलिंग दिले, ‘पाकिटे’, ‘पाकिटात’ अशी रूपे चालविली आणि त्याचा अर्थ लिफाफ्याकडे वळविला. वर पत्ता, आत मजकूर. जालातील पॅकेटच्या अग्रभागी प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा क्रमांक असतो आणि त्यामागे मजकूर असतो; तेव्हा मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही मराठी ‘पाकीट’ अधिक नेमके ठरते. तरीही पाठ्यलेखनात ‘पॅकेट’ हेच रूप येते, जे मराठी कानाला बिस्किटांची आठवण करून देते.

आद्याक्षरी शब्दांच्या बाबतीत घोटाळा निराळा आहे. तेथे शब्दाचे नव्हे, तर त्याच्या विस्ताराचे भाषांतर करण्याची प्रवृत्ती बळावलेली दिसते. ‘एसटीडी’ची सेवा भारतात १९६० मध्ये कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली. मधल्या कर्मचाऱ्याच्या मदतीवाचून ग्राहकाने स्वतः परगावी दूरध्वनी जोडावा, एवढाच तिचा अर्थ. पुढे गावोगावच्या बूथमध्ये पैसे मोजणाऱ्यांपैकी किती जणांना त्या तीन अक्षरांचा विस्तार ठाऊक होता? तो ठाऊक नसल्याने कोणाचे अडलेही नाही. ‘वाय-फाय’ हे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९९९ मध्ये व्यापारी नाव म्हणून घडविलेल्या या शब्दाला मुळात विस्तारच नव्हता. ‘वायरलेस फिडेलिटी’ ही फोड मागाहून चिकटली. तिचे मराठी भाषांतर करणे म्हणजे नसलेल्या अर्थाचे भाषांतर करणे होय.

मराठीस स्वतःचे आद्याक्षरी शब्द घडविता येत नाहीत, असे मात्र मुळीच नाही. व्यंजनाक्षरात अकार अंगभूत असल्याने ‘भाजप’, ‘मसाप’ असे शब्द सहज उच्चारता येतात. जालपरिभाषेत हा मार्ग खुंटतो याचे कारण संस्कृत उपसर्गांत आहे. संगणक, संदेश, संचार, संकेत, संपर्क, संवहन: सर्वांचे आद्याक्षर ‘सं’. जो शब्दसंग्रह उपसर्गांवर उभा आहे, त्याची आद्याक्षरे एकमेकांपासून वेगळी ओळखू येणे कठीण. ‘आंतरजाल’ व ‘अंतर्जाल’ यांचेही तेच. पहिला इंटरनेटला व दुसरा इंट्रानेटला योजावा असे सुचविले, तर अनेक जालांना जोडणारे जाल आणि एका संस्थेपुरते मर्यादित जाल यांतील भेद एका काना-रफारावर सोपविल्यासारखे होईल. हिंदीत तर ‘अंतर्जाल’ हा शब्द इंटरनेटसाठीच वापरला जातो.

विस्ताराचे भाषांतर करू गेल्यास ‘आयपी’तील ‘प्रोटोकॉल’ही अडचणीत टाकतो. शासकीय मराठीत त्यास ‘राजशिष्टाचार’ हा प्रतिशब्द रूढ आहे. दोन यंत्रांमधील देवाणघेवाणीच्या नियमांस तो लावल्यास हसू आल्यावाचून राहणार नाही. येथे ‘संकेत’ चालला असता, परंतु तो ‘कोड’ आणि ‘सिग्नल’ या दोहोंसाठी आधीच राबत आहे.

बोलीने मात्र या शब्दांची व्यवस्था परस्पर लावली आहे. ‘ओटीपी आला’, ‘नेट गेले’, ‘रेंज येत नाही, मघाशीच गेली’: तीन शब्दांना तीन लिंगे मिळाली आणि त्यासाठी कोणतीही समिती बसली नाही. ‘रेंज’ने तर इंग्रजीतील ‘पल्ला’ हा अर्थ मागे टाकून ‘संदेशलहरींची उपलब्धता’ हा अर्थ धारण केला आहे. इतक्या व्याकरणसिद्ध शब्दास परका मानणे शास्त्रास धरून नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकविण्यास अनुमती दिल्यापासून हा प्रश्न कोशापुरता उरलेला नाही. ‘पॅकेट’ ऐकलेल्या विद्यार्थ्यापुढे परीक्षेत एखादा अनोळखी तत्सम शब्द आला, तर त्यास विषय येत असूनही उत्तर सुचणार नाही. संस्कृतप्रचुर शब्द सरसकट त्याज्य आहेत, असा याचा अर्थ नव्हे. ‘संकेतस्थळ’ हा शब्द प्रियकर-प्रेयसीच्या भेटीची जागा सोडून वेबसाइटच्या अर्थाने वृत्तपत्रांत स्थिरावला. पण नव्या शब्दाची घडण पाहावयाची, तर ‘बिनतारी’कडे पाहावे. ‘तार’ लोकांच्या तोंडी होती, तिला ‘बिन’ जोडला आणि पोलीसखात्यापासून जहाजापर्यंत शब्द चालला. तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. ‘बिनतारी’ अजून वापरात आहे.