शंभर मुलगे आणि एक ब्राह्मी

आदिपुराण आपल्याकडच्या बहुतेक बायकांनी ऐकलेलं असतं, वाचलेलं नसतं. चातुर्मासात बस्तीत शास्त्र चालू असतं, एक कान तिकडे आणि एक डोळा घड्याळाकडे, कारण दिवस मावळायच्या आत घरच्या सगळ्यांची जेवणं उरकायची असतात. ऐकताना पुष्कळ निसटतं. म्हणून पन्नालाल जैनांचा हिंदी अनुवाद समोर ठेवून मी ते सलग वाचलं, आणि खरं सांगायचं तर एकाच बाईसाठी वाचलं. ती म्हणजे यशस्वती. ऋषभदेवांची राणी, भरताची आई. शंभर मुलगे आणि एक मुलगी. सवत सुनंदा, तिला बाहुबली आणि सुंदरी. घरात एकूण एकशे तीन लेकरं.

आपल्या समारंभांत मोठ्या खटल्याच्या बाईचा सत्कार झाला, की वक्त्याला हमखास यशस्वती आठवते. तेव्हा पुराणात ती आई म्हणून कशी दिसते, हे बघायला नको?

सुरुवात फार छान आहे. पंधराव्या पर्वात तिला स्वप्नं पडतात: गिळली जाणारी पृथ्वी, मेरू पर्वत, चंद्रासह सूर्य, हंसांचं सरोवर, लाटांनी उसळणारा समुद्र. भरत पोटात असताना ती आरशाऐवजी तलवारीच्या पात्यात तोंड बघते. त्यात आपलं प्रतिबिंब उलटं दिसतं, तेही या मानी बाईला खपत नाही. वाचताना मी थांबले. ही नुसती राणी नव्हे, हिला स्वभाव आहे! डोहाळे सगळ्याच काव्यांत असतात, पण इतके ठसठशीत क्वचित.

आणि सोळाव्या पर्वात काय होतं? वृषभसेन, अनंतविजय, अनंतवीर्य, अच्युत, वीर, वरवीर अशी थोडी नावं येतात आणि पुढच्या सगळ्यांची एका आकड्यात बोळवण होते: नव्याण्णव. मग ब्राह्मी. थोड्याच ओळींत पाळणे भरले नि रिकामे झाले. कुणी म्हणेल, तेव्हाची आयुष्यं लाखो पूर्वांची होती, बाळंतपणं बसतात त्यात. हिशेब मान्य. श्वेतांबर परंपरेत या बाईचं नाव सुमंगला आहे आणि तिथं भरत-ब्राह्मीनंतर तिला मुलग्यांच्या एकोणपन्नास जोड्या होतात. म्हणजे बाळंतपणं तरी निम्मी झाली.

जिनसेनाचार्य नवव्या शतकातले, घर फार लहानपणी सोडलेले. कान टोचायच्या आधीच दीक्षा झाली, असं जयधवलेच्या प्रशस्तीत येतं. तेव्हा अशा मुनीला घरातलं काय ठाऊक असणार, असं म्हणून पुस्तक मिटता येईल. मला ही पळवाट पटत नाही. कारण चौदावं पर्व. बाळ ऋषभासाठी इंद्र देवींना धात्री, म्हणजे दाया, म्हणून नेमतो आणि आचार्य त्यांची कामं वेगवेगळी सांगतात: न्हाऊ घालणं, नटवणं, दूध पाजणं, शरीराची निगा, खेळवणं. पाच कामं. ज्यानं ही यादी केली त्याला लेकराचं किती असतं ते ठाऊक होतं. मरुदेवीच्या एका बाळासाठी पाच कामं मोजली आणि त्याला स्वर्गातून माणसं आणली. यशस्वतीच्या एकशे एक लेकरांना तीच पाच कामं लावा. वर पाणी गाळणं, धान्य निवडणं, आजारपणं, रुसवेफुगवे. राजवाड्यात दासी असतील, असणारच. पण दासींची गर्दी सांभाळणं हेही कामच, हे एकत्र कुटुंबात सून म्हणून नांदलेलीला सांगायला नको.

शिकवणं मात्र पुराणात आहे, आणि तपशिलानं आहे. ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक, भरताला अर्थशास्त्र, वृषभसेनाला गायन, अनंतविजयाला चित्रकला. शिकवतात ते वडील. दोघी मुलींना मांडीशी घेऊन बसवलेला बाप हे या ग्रंथातलं मला सगळ्यात आवडतं घरगुती चित्र आहे, त्यात काही उणं काढायचं नाही. फक्त एवढंच, की वाढवण्यातला जो भाग वडिलांकडे आला तेवढाच लिहिण्याजोगा ठरला.

पुढे भरत भावांना नमायला सांगतो, आणि ते वडिलांकडे जाऊन दीक्षा घेतात. एका आईची एवढी मुलं घर सोडतात. प्रसंग भव्य आहे, पण त्याचा सगळा भर बाप आणि मुलं यांच्या बोलण्यावर आहे. इथं हेमचंद्राचार्यांची मरुदेवी आठवते. मुलगा रानात, उन्हापावसात, म्हणून ती नातवाला, भरताला, बोल लावत राहते, रडून रडून डोळ्यांवर पडदा येतो, आणि शेवटी हत्तीवर बसल्याबसल्याच मोक्षाला जाते. आपल्या दिगंबर मान्यतेत हे बसत नाही. तो वाद इथं काढत नाही. काव्य म्हणून बोलायचं, तर आईच्या रडण्याला तिथं कथेत जागा आहे.

पुराणात स्वयंपाकघर शोधू नये, असं मला एका जाणत्या श्रावकांनी ऐकवलं. बरोबर आहे, ग्रंथाचा रोख वैराग्याकडे आहे. पण मग यशस्वतीला व्यासपीठावर कशाला आणता? २०११ च्या जनगणनेत आपण जैन सुमारे ४४ लाख ५१ हजार. तो आकडा सांगून हल्ली सुनांना 'दोनावर थांबू नका' असं बजावलं जातं, आणि दाखल्याला शंभर मुलांची माता हजर असते. संख्या पुराणातून उचलायची आणि पाच धात्री तिथंच ठेवून यायच्या, हे काही नीट वाचन नव्हे. तिसरं मूल झाल्यावर न्हाऊ कोण घालणार, पहिल्या दोघांना शाळेत कोण सोडणार, सुनेची नोकरी राहणार की जाणार, यावर त्या भाषणांत अवाक्षर नसतं.

येत्या चातुर्मासात ज्यांच्याकडे शास्त्र लावायचं काम आहे त्यांना माझी विनंती आहे: चौदावं, पंधरावं आणि सोळावं पर्व तुकडे न करता लागोपाठ वाचा. आणि वेळ दुपारची ठेवा, म्हणजे बायकांना मधूनच उठून चुलीकडे पळावं लागणार नाही.